त्रेपन्न ऐकलं, पस्तीस लिहिलं

सोलापूरच्या पूर्व भागात, यंत्रमागांच्या वस्तीतल्या मराठी शाळेत दुसरीच्या वर्गाला 'त्रेपन्न' लिहायला सांगा. घरी तेलुगू बोलणाऱ्या एखाद्या मुलाच्या पाटीवर ३५ उमटू शकतं. गणित कच्चं आहे असं ठरवण्याआधी त्याच्या घरची मोजणी ऐकायला हवी. तेलुगूत ५३ म्हणजे 'याभै मूडु', पन्नास तीन. अक्कलकोटकडच्या कन्नड घरांतही 'ऐवत्तमूरु', तोच क्रम. मराठी मात्र एकक आधी बोलते, आणि 'त्रेपन्न'मध्ये तीन आणि पन्नास दोन्ही अर्धेमुर्धे लपलेले. (उर्दूचं 'तिरपन' याच वळणाचं.) जर्मनमध्येही एकक आधी येतो, तिथल्या मुलांच्या लेखनातही हीच अदलाबदल संशोधकांना आढळली आहे.

आधी दहा संख्यांचं श्रुतलेखन घ्या. ४४, ६६ नकोत. अंक उलटले तरी कळणार नाहीत. २९, ३९ वेगळ्या दिवशी घ्या, कारण 'एकोणतीस'मध्ये तिसातून एक वजा होतो आणि तिथं मूल वेगळ्याच कारणानं चुकतं. लिहिताना नजर पेन्सिलीवर ठेवा. काही मुलं उजवीकडे ३ काढतात, मग डावीकडे जागा शोधून ५. पाटीवर ५३ बरोबर दिसतं, पण हेच मूल कॅल्क्युलेटरवर ३५ दाबतं. ही सवय वेळीच मोडायलाच हवी.

चार मुलांच्या गटाला खराट्याच्या ९९ काड्या द्या: दहा-दहाच्या ९ जुड्या आणि ९ सुट्या. 'त्रेपन्न' म्हटल्यावर मुलानं ५ जुड्या, ३ काड्या मांडायच्या, घरच्या भाषेत म्हणायचं, मग 'पन्नास तीन', मग 'त्रेपन्न', आणि शेवटी डावीकडून लिहायचं. तेलुगू शब्द मुलानंच बोलावा. दर वेळी बाईंनी भाषांतर करून दिलं तर मूल मराठी शब्द ऐकायचंच सोडतं. बाईंना मात्र इरवै, मुप्पै, नलभै, याभै, अरवै, डेब्भै, एनभै, तोंभै हे वीस ते नव्वदचे आठ शब्द यावेत. एका दुपारचं काम आहे.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'वीस एक' अशी वाचनाची सोय आली तेव्हा बरीच टीका झाली. आमच्या मते सोलापुरासाठी ती मधली पायरी फार मोलाची आहे. तिथं थांबता मात्र येणार नाही. दुकानदार 'त्रेपन्न रुपये'च म्हणणार. म्हणून रोज पाचच संख्या घ्या, आणि त्यांत ५३ आणि ३५ जोडीनं ठेवा.