गाडीखालचा काळा डाग

रात्रभर गाडी उभी होती त्या फरशीवर सकाळी रुपयाएवढा काळा डाग दिसला, की मेकॅनिक खाली वाकतो आणि निकाल देतो, "सील गेलंय." बहुतेकदा त्याचं बरोबरच असतं. पण ते का गेलं हे न बघता नवं बसवलं, तर तोच खर्च पुन्हा करावा लागतो.

ऑइल सील म्हणजे पत्र्याची कडी, तिच्या आत रबराची पातळ कड आणि ती कड शाफ्टवर, म्हणजे फिरणाऱ्या दांड्यावर, दाबून धरणारी बारीक गोल स्प्रिंग. क्रँकशाफ्टचं, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या इंजिनाच्या मुख्य दांड्याचं, मागचं टोक ८० मिलिमीटर व्यासाचं धरलं, तर मिनिटाला ३००० फेऱ्यांना त्याचा पृष्ठभाग ताशी ४५ किलोमीटरनं रबराला घासतो. कोरडं रबर यात जळून जाईल. म्हणून कडेखाली तेलाचा अतिशय पातळ थर लागतोच. मग ते तेल बाहेर का येत नाही? कडेचा तेलाकडचा उतार उभा आणि हवेकडचा पसरट असतो. त्यामुळे शाफ्ट फिरताना रबरावरचे सूक्ष्म उंचवटे तिरके ओढले जातात आणि तेल आत लोटतात. म्हणजे सील हे बूच कमी आणि पंप जास्त! उलटं बसवलं तर तेच तेल बाहेर काढतं.

जुन्या ॲम्बेसेडरच्या १४८९ सीसी पेट्रोल इंजिनात तर मागच्या टोकाला रबरी सीलच नव्हतं. शाफ्टवर कोरलेले आटे तेल आत परतवत. इंजिन थांबलं की आटेही थांबत, त्यामुळे ॲम्बेसेडरखालच्या दोन-चार थेंबांना कोणी आजार मानत नसे.

रबर उष्णतेनं कडक होतं आणि शाफ्टची बारीक थरथर त्याला झेलता येत नाही. महिनोन् महिने उभ्या गाडीत कड कोरडी पडते. गंमत म्हणजे मऊ रबर पोलादालाही झिजवतं: कडेत रुतलेली धूळ शाफ्टवर चर पाडते. नखाला चर लागला, तर नवं सील एक-दोन मिलिमीटर पुढंमागं बसवावं, किंवा शाफ्टवर पातळ स्लीव्ह, म्हणजे धातूची नळी, चढवावी.

त्याआधी ब्रीदर, म्हणजे इंजिनात साठलेला वायू बाहेर सोडणारी वाट, बघा. पिस्टनच्या रिंगांमधून निसटलेल्या वायूला तुंबलेल्या ब्रीदरमधून वाट मिळाली नाही, तर दाब वाढतो आणि चांगल्या सीलमधूनही तेल बाहेर येतं. माझ्या मते निम्मा वैताग इथंच वाचतो. गळती थांबवणारी बाटलीतली औषधं रबर फुगवतात, पण चर पडलेल्या शाफ्टला किंवा फाटलेल्या कडेला त्यांचा उपयोग नाही.

मागचं सील स्वस्त असतं, पण त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो. क्लच प्लेट बदलताना तो उतरतोच, म्हणून तेव्हा तेही बदलून घ्यावं. टायमिंग बेल्टची (क्रँकशाफ्टवरून व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट फिरवणाऱ्या दातेरी पट्ट्याची) गाडी असेल, तर क्रँकशाफ्टचं पुढचं सील आणि कॅमशाफ्टचं सील बेल्टबरोबर बदलावं. जुनं सील स्क्रूड्रायव्हरनं उचकटताना शाफ्टला ओरखडा पडला, तर नवंही गळणार. बसवताना रबरी कडेला तेलाचं बोट लावावं. मात्र टेफ्लॉनच्या कडेचं सील बहुधा कोरडंच बसवतात, तेव्हा पाकिटावरची सूचना वाचल्याशिवाय तेलाचा डबा उघडू नये.