इंग्रजी व्याकरण : वास्तुवर्णन आणि अनुभवकथन

इमारतीची माहिती देणे आणि स्वतःचा अनुभव सांगणे या दोन कामांसाठी लागणारा इंग्रजी व्याकरणाचा भाग. पहिल्यात पॅसिव्ह व्हॉइस महत्त्वाचा, दुसऱ्यात प्रेझेंट परफेक्ट आणि सिंपल पास्ट. क्रियापदांची तिसरी रूपे (बिल्ट, सीन, गॉन) पाठ नसतील तर दोन्हींकडे अडते.

वर्णनाच्या सरावाला मुंबईकरांनी फोर्ट सोडून लांब जायची गरज नाही. ‘द गेटवे वॉज डिझाइन्ड बाय जॉर्ज विटेट’, ‘इट वॉज कंप्लीटेड इन १९२४’, ‘इट इज मेड ऑफ बेसॉल्ट’. यातल्या पहिल्या दोन वाक्यांत घडून गेलेली गोष्ट आहे म्हणून ‘वॉज’. दगड आजही तोच, म्हणून ‘इज’. राजाबाई टॉवरला प्रेमचंद रायचंद यांच्या आईचे नाव दिले आहे, तिथे ‘वॉज नेम्ड आफ्टर’ आपसूक येते. मराठीत मात्र ‘विटेटने आराखडा केला’ हाच कर्मणी प्रयोग असतो. त्यामुळे ‘पॅसिव्ह म्हणजे कर्मणी’ एवढे सांगून थांबणारे शिकवणे अपुरे ठरते. ‘आराखडा विटेटकडून केला गेला’ हे अवघडलेले मराठी वाक्य एकदा उच्चारून घेतले, की इंग्रजी रचना लवकर उमगते.

खरी अडचण अनुभव सांगताना येते. ‘मी काल घारापुरीला गेलो होतो’ हे चोख मराठी. त्यावरून ‘आय हॅड गॉन टू एलिफंटा यस्टरडे’ असे सर्रास बोलले जाते. इथे साधे ‘आय वेंट’ हवे. ‘मी ती लेणी काल पाहिली आहेत’ हेही मराठीत खपते, पण इंग्रजीत ‘यस्टरडे’ आला की ‘हॅव सीन’ चालत नाही. म्हणून संवाद असा शिकवावा: ‘हॅव यू एव्हर बीन टू एलिफंटा?’ ‘येस, आय हॅव. आय वेंट देअर लास्ट दिवाळी.’ प्रश्न आयुष्यभरातल्या अनुभवाचा, म्हणून परफेक्ट. वेळ सांगितली की लगेच सिंपल पास्ट. ‘बीन’ म्हणजे जाऊन आलेला. ‘शी हॅज गॉन टू एलिफंटा’ म्हटले तर ती अजून परतलेली नाही.

‘हॅड’ला स्वतःची जागा आहेच. भूतकाळातल्या दोन घटनांपैकी आधीची कोणती, हे त्याने कळते: ‘व्हेन वी रीच्ड द गेटवे, द लास्ट लाँच हॅड लेफ्ट.’