हवापाणी मानवलेलं गाव

बसमधून उतरलो, बुटाची सुटलेली नाडी बांधायला वाकलो आणि उठताना धाप लागली. नाडी बांधायला! समोरच्या चढावरून एक आजीबाई पाठीवर रंगीत कापडात भलंमोठं गाठोडं बांधून चालली होती. तिच्या श्वासाचा आवाजसुद्धा नव्हता.

गावाचं नाव सान अंतोनियो दे लोस कोब्रेस. ‘कोब्रे’ म्हणजे तांबं. आसपासच्या डोंगरांत ते सापडतं म्हणून हे नाव. अर्जेंटिनाच्या वायव्य कोपऱ्यात, साल्टा प्रांतात, ‘पुना’ नावाच्या उंच पठारावर, ३७७५ मीटरवर पाच-सहा हजार वस्तीचं हे गाव आहे. मातीच्या कच्च्या विटांची बुटकी घरं, रस्ता-भिंत-डोंगर सगळ्यांचा एकच तपकिरी रंग. वर्षाकाठी पाऊस शंभर मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे कोकणात आषाढात एका रात्रीत पडतो तेवढा.

साल्टा शहर सुमारे ११५० मीटरवर. तिथून १६५ किलोमीटरचा रस्ता तोरो नदीच्या घळीतून, माणसापेक्षा दुप्पट-तिप्पट उंच कार्दोन निवडुंगांमधून वर चढतो आणि आब्रा ब्लांकाच्या खिंडीत ४०८० मीटरला पोचतो. न्याहारी आणि जेवण यांच्या मध्ये पावणेदोन कळसूबाई. बहुतेक प्रवासी गावात तासभर थांबतात, ‘ढगांची आगगाडी’ पकडून ला पोल्वोरियाचा पूल बघतात आणि संध्याकाळी खाली पळतात. पूल बघण्यासारखा आहेच: १९३२ सालचा, ४२०० मीटरहून जास्त उंचीवरचा, २२४ मीटर लांबीचा वळणदार पोलादी पूल. हा लोहमार्ग रिचर्ड मॉरी नावाच्या अमेरिकी इंजिनिअरने आखला. दातेरी रूळ न वापरता चढ जिंकायचा, म्हणून गाडी काही ठिकाणी पुढे जाते, थांबते आणि उलट्या दिशेने वरच्या रुळावर चढते. बोरघाटात खंडाळ्याजवळ पूर्वी रिव्हर्सिंग स्टेशन होतं, तीच युक्ती.

पण मला पुलापेक्षा गावात रस होता, म्हणून दोन रात्री राहिलो. पहिली वाईट गेली.

उंचावर ‘ऑक्सिजन कमी असतो’ असं आपण म्हणतो, ते अर्धंच खरं. हवेतला ऑक्सिजनचा वाटा इथेही मुंबईइतकाच, सुमारे २१ टक्के. कमी होतो तो हवेचा दाब: समुद्रसपाटीच्या ६४ टक्क्यांच्या आसपास. छाती तेवढीच फुगते, पण तिच्यात मावणारी हवा दोन-तृतीयांशाहूनही कमी. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरचा आकडा इथे नवख्या माणसात सहज ८५ ते ९०च्या घरात येतो. कोविडच्या काळात हा आकडा बघून घरात धावपळ झाली असती.

मानेतल्या धमन्यांपाशी तांदळाच्या दाण्याएवढ्या दोन ग्रंथी असतात. ऑक्सिजन घटल्याचं त्यांना सर्वांत आधी कळतं आणि त्या ‘जोरात श्वास घे’ असा हुकूम सोडतात. जोरात श्वास घेतला की कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर पडतो, रक्त थोडं अल्कधर्मी होतं. ते मेंदूच्या दुसऱ्या यंत्रणेला खपत नाही. ती म्हणते, ‘पुरे, हळू घे.’ जागेपणी ही कुरबुर लक्षात येत नाही. झोपेत दोघींचं भांडण चव्हाट्यावर येतं: चार-सहा खोल श्वास, मग काही सेकंद श्वासच बंद, मग दचकून जाग. पहिल्या रात्री हे किती वेळा झालं ते मोजायचं मी सोडून दिलं.

हा तंटा मिटवतात मूत्रपिंडं. ती रक्तातला जादा बायकार्बोनेट (रक्ताला अल्कधर्मी करणारा क्षार) लघवीवाटे काढून टाकतात, मग श्वास मोकळा चालू शकतो. म्हणून उंचावरच्या पहिल्या रात्री वरचेवर उठावं लागलं तर वैतागू नये, ते चांगलं लक्षण आहे. लेहला जाणाऱ्या आपल्या मंडळींच्या पिशवीत ‘डायमॉक्स’ असतं ना, ते नेमकं हेच काम लवकर करून देतं (डॉक्टरांना विचारूनच घ्यायचं). नव्या लालपेशी तयार व्हायला मात्र आठवडे लागतात. ‘दोन दिवसांत रक्त वाढतं’ हा गैरसमज आहे. सुरुवातीला रक्तातलं पाणी कमी होऊन ते फक्त घट्ट होतं.

ही उंची लागण्याला पेरूमध्ये ‘सोरोचे’ म्हणतात. इथे पठाराचंच नाव आजाराला दिलंय: माणूस ‘आपुनादो’ होतो, म्हणजे त्याला पुना लागते. त्यावरचा गावठी इलाज कोकाची पानं. अर्जेंटिनाच्या १९८९च्या अंमली पदार्थविरोधी कायद्यातही पानं चघळायला किंवा काढ्याला जवळ ठेवण्याची मुभा आहे. (भारतात आणणं गुन्हा आहे, स्मरणिका म्हणूनही.) दुकानदाराने पानांच्या पुडीबरोबर एक चिमुकली पुडी पुढे केली: ‘बिका’, म्हणजे खायचा सोडा. मला लगेच तळहातावर चुना मळणारे आमचे काका आठवले. रसायनशास्त्र तेच आहे. पानातला अल्कलॉइड, म्हणजे अंमल आणणारं द्रव्य, आम्लाशी बांधलेला असतो. अल्क मिळालं की तो सुटा होतो आणि गालाच्या आतल्या त्वचेतून झटकन रक्तात जातो. तंबाखूला चुना, कोकाला सोडा. गालात बार भरून मी तासभर बसलो. तोंड बधिर झालं, डोकेदुखी तशीच राहिली. कोका डोंगर लागण्यावर खरंच चालतो याचा पुरावा तसा तोकडाच आहे. भूक आणि थकवा मात्र तो मारतो.

आजीबाईंचा श्वास का ऐकू येत नव्हता, हा प्रश्न वेगळा. अँडीजच्या लोकांनी हजारो वर्षांत जो तोडगा काढला तो छाती रुंद आणि हिमोग्लोबिन जास्त असा आहे. तिबेटी लोकांनी अगदी उलटा काढला. त्यांच्यात ‘ईपीएएस१’ या जनुकाचं एक रूप आहे, डेनिसोवन नावाच्या लुप्त मानवांकडून आलेलं, आणि त्यामुळे त्यांचं हिमोग्लोबिन बेताचंच राहतं. मला तिबेटी तोडगा जास्त हुशारीचा वाटतो. अँडीजमध्ये काहींचं रक्त वयानुसार इतकं दाट होतं की ओठ निळे पडतात, डोकं सतत दुखतं. लिमाच्या कार्लोस मोंगे या डॉक्टरांनी १९२०च्या दशकात या दुखण्याचं वर्णन केलं. आजही त्याला मोंगेचा आजार म्हणतात.

हवेबद्दल इथे येणारा प्रत्येक जण बोलतो. पाण्याबद्दल कोणी बोलत नाही, आणि या गावाची खरी नवलाई पाण्यात आहे.

पुनाचे ज्वालामुखी खडक झिजून पाण्यात आर्सेनिक उतरतं. सान अंतोनियोत शास्त्रज्ञांनी अभ्यास केला तेव्हा पिण्याच्या पाण्यात लिटरला सुमारे २०० मायक्रोग्रॅम आर्सेनिक होतं. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा १० आहे. वीसपट विष. आणि हे आजकालचं नाही. शेजारच्या उत्तर चिलीतल्या हजारो वर्षांपूर्वीच्या ममींच्या केसांतही आर्सेनिक सापडलंय.

शरीर आर्सेनिकवर दोन टप्प्यांत काम करतं. आधी त्याला एक मिथाइल गट (कार्बन-हायड्रोजनचा चिमुकला तुकडा) चिकटवतं, मग दुसरा. अर्धवट झालेलं, एका मिथाइलचं रूप घातक. दोन मिथाइलचं सहज लघवीतून निघून जातं. जगभर लोकांच्या लघवीत ते अर्धवट रूप साधारण १० ते २० टक्के सापडतं. १९९५मध्ये स्वीडनच्या संशोधकांना इथल्या बायकांत ते जेमतेम दोन-चार टक्के आढळलं. पुढे कारणही मिळालं: हे काम करणाऱ्या एन्झाइमचं जनुक, ‘एएस३एमटी’. त्याचा संरक्षक नमुना सान अंतोनियोत सुमारे ६९ टक्के, तर तुलनेला घेतलेल्या पेरूतल्या लोकांत निम्म्याच्या आसपास. २०१५मध्ये १२४ स्त्रियांच्या जनुकसंचाचा अभ्यास झाला, तेव्हा नैसर्गिक निवडीची सर्वांत ठळक खूण याच जनुकापाशी दिसली. हवेशी नव्हे, पाण्याशी जुळवून घेण्याची खूण!

आपण नव्या गावी गेलो की म्हणतो, पाणी बाधलं. इथे ज्यांना पाणी बाधलं त्यांची मुलं कमी जगली, ज्यांना कमी बाधलं त्यांची जास्त. पिढ्यान्‌पिढ्या हीच चाळण चालली. पण पूर्ण अभय कोणालाच मिळालेलं नाही, विष ते विषच. बंगालमध्ये तर जंतूंच्या पाण्यापासून वाचवायला १९७०च्या दशकापासून गावोगाव कूपनलिका खोदल्या आणि त्यांतून आर्सेनिक वर आलं. तिथल्या लोकांना चाळणीतून जायला एक पिढीही मिळाली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरमालकिणीने ‘रिका-रिका’ नावाच्या रानझुडपाचा काढा दिला. भांडं खळखळ उकळत होतं, पण इथे पाणी ८७-८८ अंशांनाच उकळतं, त्यामुळे काढा थोडा लवकर पिता आला. पाणी कुठलं, विचारलं. नळाचंच. उकळून आर्सेनिक जात नाही, उलट पाणी आटलं की तेवढंच दाट होतं. पण दोन दिवसांच्या पाहुण्याला त्याने काही होत नाही, तो हिशेब वर्षांचा असतो. पुदिना आणि ओव्याच्या मधली काहीतरी चव होती. दुसरा कप मागितला तोवर डोकं दुखायचं थांबलं होतं.