बांधकामातील ओव्हरहेड खर्चवाढीचा संगणकीय अंदाज

बांधकाम प्रकल्पाचा ओव्हरहेड खर्च अंदाजपत्रकाच्या किती पुढे जाईल, हे काम चालू असतानाच सॉफ्टवेअरच्या साहाय्याने आगाऊ काढण्याची पद्धत. सिमेंट, सळई, मजुरी हे खर्च कामाच्या एखाद्या बाबीच्या दरात थेट बसतात. तसे न बसणारे म्हणजे ओव्हरहेड: साइटवरील अभियंते व स्टोअरकीपर यांचे पगार, साइट ऑफिस, लेबर कॅम्प, वॉचमन, वीज, डीजी सेटचे (जनरेटरचे) डिझेल, बँक गॅरंटीचे कमिशन, विम्याचा हप्ता. टॉवर क्रेनचे भाडे काही कंपन्या यात धरतात, तर काही यंत्रसामग्रीत. मुख्य कार्यालयाच्या खर्चाचा वाटाही ओव्हरहेडच असतो, पण त्याचे गणित निराळे असल्याने तो साइटच्या अंदाजात मिसळू नये.

निविदा भरताना ओव्हरहेड टक्केवारीने धरतात. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दर पृथक्करणात (कामाचा दर घटकांची बेरीज करून काढण्याच्या तक्त्यात) कंत्राटदाराचा नफा व ओव्हरहेड मिळून १५% असतात. वसुली अशी बिलाच्या रकमेवर होते, खर्च मात्र मुख्यतः दिवसांवर चालतो. स्लॅब पडो वा न पडो, वॉचमनचा पगार द्यावाच लागतो. त्यामुळे ओव्हरहेड वाढण्याचे सर्वात मोठे कारण उधळपट्टी नसून लांबलेली मुदत असते, आणि झालेल्या खर्चाची रेघ नुसती पुढे ओढणारे सॉफ्टवेअर इथे हमखास चुकते.

म्हणून मांडणीची पहिली पायरी म्हणजे ओव्हरहेडच्या प्रत्येक कोडला (खर्चाच्या शीर्षाला) एक स्वभाव नेमून देणे. साइट उभारणी, जोडण्या, शेवटची आवराआवर हे एकदाच होणारे खर्च. पगार, भाडी, पहारा हे महिन्यागणिक. चाचण्या, किरकोळ हत्यारे, कामाच्या रकमेवरचे विमा-अधिभार हे कामाच्या प्रमाणात. तिन्ही एका आकड्यात ओतले की पुढचे कुठलेही सूत्र उपयोगाचे राहत नाही.

हिशेब कसा फिरतो ते एका नमुन्यावरून दिसते. ६० कोटींची इमारत, मुदत २४ महिने, साइट ओव्हरहेडचे अंदाजपत्रक ४८० लाख. त्यात सुरुवातीचे ६० लाख, शेवटचे १२ लाख, महिना १५ लाख याप्रमाणे ३६० लाख आणि कामाच्या ०.८% म्हणजे ४८ लाख. दहाव्या महिन्याअखेर नियोजित काम २२.५ कोटी, झालेले १८ कोटी. मासिक खर्च १५ ऐवजी १५.५ लाख पडतो आहे. आतापर्यंतचा ओव्हरहेड ६० + १५५ + १४.४ = २२९.४ लाख.

हिशेबनीस याच तारखेचे अंदाजपत्रक काढतो: ६० + १५० + १८ = २२८ लाख. फरक दीड लाखाच्या आत, शेरा ‘ठीक’. नियोजन अभियंता अर्जित मूल्याचे, म्हणजे झालेल्या कामाच्या अंदाजपत्रकातील किमतीचे, नेहमीचे सूत्र लावतो. काम ३०% झाले, म्हणून अर्जित ओव्हरहेड १४४ लाख, खर्च निर्देशांक (अर्जित भागिले प्रत्यक्ष खर्च) ०.६३ आणि अखेरचा अंदाज (अंदाजपत्रक भागिले हा निर्देशांक) जवळपास ७६५ लाख. एकाच साइटचे हे दोन अहवाल एकाच बैठकीत समोर आले की दोघांवरचाही विश्वास उडतो, आणि ते रास्तच आहे. पहिल्याला मागे पडलेले काम दिसत नाही. दुसरा सुरुवातीची उभारणी आणि महिन्यांवर चालणारे पगार कामाच्या टक्केवारीने मोजतो.

योग्य वाट मुदतीतून जाते. १८ कोटींचे काम मूळ कार्यक्रमानुसार कधी व्हायला हवे होते? आठव्या महिन्याअखेर १७ आणि नवव्या महिन्याअखेर १९.५ कोटी ठरले होते, म्हणजे ८.४ महिन्यांना. दहा महिन्यांत ८.४ महिन्यांचे काम झाले, वेग ०.८४, अंदाजित मुदत २८.६ महिने. उरलेल्या सुमारे १८.६ महिन्यांचे १५.५ लाखांप्रमाणे २८८ लाख, उरलेल्या कामाचे ३३.६ लाख आणि आवराआवरीचे १२ लाख मिळवले की अखेरचा ओव्हरहेड ५६३ लाखांच्या आसपास येतो. वाढ ८३ लाख. त्यातले ६८.६ लाख मुदतीमुळे, १४.३ लाख वाढलेल्या मासिक दरामुळे. व्यवस्थापनाला ही फोडच हवी असते, कारण दर कमी करायला माणसे व भाडी तपासावी लागतात, मुदत कमी करायला मात्र सेंटरिंगच्या (स्लॅबचे साचे बांधणाऱ्या) टोळ्या वाढवाव्या लागतात.

अर्जित मूल्याची शिस्त अमेरिकेच्या संरक्षण खात्याने १९६७ मध्ये निकष ठरवून रूढ केली. वर वापरलेली, पैशांऐवजी वेळेत मोजण्याची ‘अर्जित वेळापत्रका’ची रीत वॉल्ट लिप्की यांनी २००३ मध्ये मांडली. ओव्हरहेडसाठी ही दुसरी रीतच कामाची. तिच्यावरही आंधळा भरवसा नको. ती सगळ्या कामाचा सरासरी वेग पाहते, क्रिटिकल पाथ, म्हणजे शेवटची तारीख ठरवणारी कामांची साखळी, पाहत नाही. वाळू-विटांचे बिल भरपूर निघाले पण लिफ्टचा खड्डा अडला, तर वेग चांगला दिसतो आणि मुदत तरी घसरतेच. म्हणून तिची मुदत आणि अद्ययावत वेळापत्रकातली शेवटची तारीख शेजारी ठेवून पाहावी. दोहोंत दोन महिन्यांहून जास्त अंतर पडले तर आधी वेळापत्रक तपासावे.

प्रायमाव्हेरा पी६ या वेळापत्रकाच्या सॉफ्टवेअरमध्ये ओव्हरहेडसाठी ‘लेव्हल ऑफ एफर्ट’ प्रकारची अ‍ॅक्टिव्हिटी वापरतात. तिची सुरुवात पहिल्या कामाच्या सुरुवातीला आणि शेवट अखेरच्या कामाच्या शेवटाला बांधला की काम लांबेल तशी ती आपोआप ताणली जाते. मासिक दर स्थिर ठेवला असेल तर उरलेला खर्चही वाढून दिसतो. इथे एक सापळा आहे. अशा अ‍ॅक्टिव्हिटीचे अर्जित मूल्य कामावर नव्हे तर सरलेल्या वेळेवर जमा होते, त्यामुळे तिचा वेग-निर्देशांक उशीर झाला तरी एकच्या आसपास राहतो. ओव्हरहेडच्या या ओळी प्रकल्पाच्या एकूण निर्देशांकात मिसळल्या की खरा उशीर फिका पडतो. त्या गाळूनच वेग काढावा.

सगळा ओव्हरहेड एकाच पट्टीला बांधणेही चूक. टॉवर क्रेन टेरेस स्लॅबनंतर सुटते, प्रकल्प संपेपर्यंत थांबत नाही. फिनिशिंग लांबले तर क्रेनचे भाडे वाढत नाही, आरसीसी लांबले तर वाढते. काँक्रीट बनवणारा बॅचिंग प्लँट, सर्व्हेयर, स्टोअरचा दुसरा माणूस या प्रत्येकाची सुटण्याची तारीख ज्या-त्या कामाला जोडावी. मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट किंवा साध्या एक्सेलमध्येही हे जमते: उभ्या ओळीत माणसे व यंत्रे, आडव्या ओळीत महिने, आणि सुटण्याचा महिना वेळापत्रकातून घेणारे एक सूत्र. वरच्या नमुन्यातली विलंबाचे साडेचार महिने फिनिशिंगमध्ये पडले, तर शेवटचा स्टाफ कमी असल्याने मासिक दर १५.५ लाखांच्या बराच खाली असेल आणि ८३ लाखांचा आकडाही उतरेल.

चुकीचा अंदाज बहुतेक वेळा सूत्रातून नव्हे, नोंदीतून येतो. डिझेल स्टोअरमधून बॅरलने सुटते. इंडेंटवर (मागणी-चिठ्ठीवर) यंत्राचा क्रमांक नसेल तर एक्स्कॅव्हेटरचे डिझेल डीजी सेटच्या कोडवर चढते आणि ओव्हरहेड फुगतो. किरकोळ खर्चाची व्हाउचरे इंप्रेस्टची (साइटला हातखर्चासाठी दिलेली) रक्कम संपेपर्यंत साठतात, मग दोन महिन्यांची एकदम चढतात. क्रेनचे भाडेबिल महिना-दीड महिना उशिरा येते. हिशेबाच्या टॅली सॉफ्टवेअरमधल्या नोंदी जशाच्या तशा उचलल्या तर चालू महिना स्वस्त आणि पुढचा महाग दिसतो. यावर उपाय एकच: वर्क ऑर्डरच्या दराने, न आलेल्या बिलांची तरतूद दर महिन्याअखेर टाकणे आणि बिल आले की ती उलटवणे. विम्याचा हप्ता, गॅरंटी कमिशन, दिवाळीचा बोनस असे गठ्ठ्याने पडणारे खर्च महिन्यांवर पसरवावेत, नाहीतर ऑक्टोबर-नोव्हेंबरात सॉफ्टवेअर नाहक धोक्याची सूचना देते.

पावसाळ्याचा हिशेब वेगळाच. महाराष्ट्रात जून ते सप्टेंबर मातीकाम आणि डांबरीकरण जवळपास थांबते, बिले आटतात, ओव्हरहेड चालूच राहतो. मूळ कार्यक्रमाच्या कॅलेंडरमध्ये पावसाचे दिवस टाकले नसतील तर ऑगस्टमधला वेग भयंकर दिसतो. निविदेच्या घाईत सपाट रेषेवर आखलेल्या कार्यक्रमांत हा दोष सर्रास आढळतो.

एकाच आकड्याऐवजी पल्ला हवा असेल तर माँटे कार्लो पद्धत वापरतात. प्रत्येक कामाची किमान, संभाव्य व कमाल मुदत देऊन सॉफ्टवेअर हजारो वेळा वेळापत्रक चालवते आणि ज्याच्या आत राहण्याची शक्यता ८०% आहे तो खर्च सांगते. इथे नेहमीची चूक म्हणजे कामे एकमेकांपासून स्वतंत्र धरणे. त्याने एका कामाचा उशीर दुसऱ्याच्या बचतीत विरतो आणि पल्ला फसवा अरुंद होतो. प्रत्यक्षात मजूर गावी गेले की सगळीच कामे एकदम मागे पडतात. मशीन लर्निंगची मागणी अलीकडे वाढली आहे, पण मध्यम कंत्राटदाराकडे एकाच पद्धतीने कोड टाकलेले पूर्ण प्रकल्प हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतात. तेवढ्यावर शिकलेले मॉडेल पाठांतर करते. त्याचा उपयोग व्हाउचरवरचे चुकीचे कोड पकडायला जास्त होतो.

मुदतवाढ मिळाली म्हणजे ओव्हरहेड भरून मिळाला असे नाही. पुष्कळ सरकारी करारांत मुदतवाढ मिळते ती दंडातून सुटका म्हणून, जादा पैशांशिवाय. अंदाजात म्हणून भरपाई मिळण्याची आशा असलेले महिने आणि नसलेले महिने वेगळे दाखवतात. मुख्य कार्यालयाच्या ओव्हरहेडच्या दाव्यांसाठी हडसन, एम्डेन आणि आयकली ही सूत्रे वापरली जातात. हडसन निविदेतली टक्केवारी घेते, एम्डेन कंपनीच्या प्रत्यक्ष हिशेबातली, तर आयकली बिलांच्या प्रमाणात दररोजचा वाटा काढते. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये मॅकडरमॉट विरुद्ध बर्न स्टँडर्ड या खटल्यात या सूत्रांची दखल घेतली आणि कोणते लावायचे हे प्रकरणानुसार लवादाने ठरवावे असे मानले. दर महिन्याला गोठवून ठेवलेल्या अंदाजाच्या फायली, प्रत्येक सुधारणेच्या तारखेसह, लवादापुढे आधाराला येतात. नंतर एकाच बैठकीत तयार केलेला तक्ता तिथे सहसा टिकत नाही.