स्लॅब न फोडता बेडरूममध्ये दिवा

"वर पॉइंटच नाही, मग दिवा लावायचा कसा?" कोल्हापुरात लक्ष्मीपुरीतल्या आमच्या इलेक्ट्रिकच्या दुकानाच्या काउंटरवर हा प्रश्न कायम येतो. कुणी राजारामपुरीत भाड्याने राहतं आणि घरमालक तोडफोड करू देत नाही. कुणाचं शिवाजी पेठेत जुनं घर, वर तुळया आणि फळ्या. कुणाचा रंग दिवाळीतच झालेला. खोलीत ६ अँपिअरचं एक धड सॉकेट असेल, तर यांतल्या कुणालाही छताला हात लावावा लागत नाही.

आमची पहिली पसंती प्लगवर चालणाऱ्या भिंतीच्या दिव्याला. दोन स्क्रूवर बसतो, वायर झाकायच्या पट्टीतून ती सॉकेटपर्यंत नेता येते आणि वायरवरच बटण असतं, त्यामुळे झोपताना अंथरुणातून उठावं लागत नाही. उंची मात्र टेपने ठरवू नका. पलंगावर टेकून बसा आणि शेडची खालची कड डोळ्यांच्या रेषेत येईल तिथे पेन्सिलने खूण करा. त्याहून वर बसवलात तर बल्ब थेट डोळ्यांत येतो. भिंतीला स्क्रूच चालत नसेल, तर पलंगाच्या फळीला लावायचा चिमट्याचा दिवा घ्या.

तुळईच्या घरात टांगता दिवा फार छान दिसतो. तुळईला हूक मारायचा, वायर त्यावरून खाली सोडायची. दिव्याचं वजन हुकाने पेललं पाहिजे, प्लगपाशी वायरला ओढ बसता कामा नये.

बल्ब ९ वॉटचा एलईडी पुरतो, जुन्या ६० वॉटच्या पिवळ्या बल्बइतका उजेड देतो. रोज सहा तास लावला तरी महिन्याला दोन युनिटसुद्धा होत नाहीत. खोक्यावर केल्विनचा आकडा बघा. २७०० ते ३००० म्हणजे पिवळसर, निवांत उजेड. ६५०० म्हणजे ट्यूबलाइटसारखा पांढरा. बेडरूमला आम्ही पिवळसरच देतो. खोलीत मुलांचा अभ्यासही होत असेल, तर टेबलावर पांढरा दिवा वेगळा ठेवा.

आता वायरबद्दल, आणि हे कृपया नीट वाचा. मंगळवार पेठेतल्या एका घरी दिवा मधूनच विझतो म्हणून आमचा वायरमन गेला. दिवा ठीक, बल्बही ठीक. पलंग सरकवला तर पायाखाली वायर चेपलेली, वरचं प्लास्टिक चिरलेलं आणि आतली तांब्याची तार उघडी. त्याच बाजूला लहान मूल झोपत होतं. म्हणून वायर पलंगाच्या पायाखालून, गादीखालून किंवा सतरंजीखालून नेऊ नका. लांबी कमी पडली तर पीळ मारून टेप गुंडाळू नका, पूर्ण लांबीची अखंड वायर आम्ही बसवून देऊ. दिव्याची बॉडी धातूची असेल तर तीन पिनांचा प्लग आणि अर्थिंग असलेलंच सॉकेट हवं. अर्थिंगची पिन कापून दोन पिनांवर दिवा चालवू नका.

दोन एलईडी दिव्यांचा भार अगदी किरकोळ असतो. अडचण होते ती त्याच मल्टिप्लगवर इस्त्री आणि हीटर लावल्यावर. ६ अँपिअरच्या सॉकेटला २३० व्होल्टवर १३८० वॉटपर्यंतचाच भार झेपतो. एकटी इस्त्रीच पुष्कळदा १००० वॉटची असते.

आपल्याकडे पावसाळ्यात भिंती सादळतात. चुन्याच्या किंवा पोपडे आलेल्या भिंतीवर चिकटवायच्या क्लिपा टिकत नाहीत, तिथे पट्टी स्क्रूनेच मारावी. ओल झिरपत असलेल्या भिंतीवर दिवा बसवायला आम्ही नकार देतो. आधी ओल काढा, तोवर टेबललॅम्प वापरा.

एलईडी स्ट्रिप कपाटात किंवा पलंगाच्या कडेला शोभते, वाचायला मात्र उपयोगाची नाही. तिचा अडॅप्टर गरम होतो, त्याला मोकळी हवा हवी.

दुकानात येताना सॉकेटचा फोटो आणा. सॉकेटपासून दिव्याच्या जागेपर्यंतचं अंतर भिंतीच्या कडेकडेने मोजा आणि त्यात फूटभर जादा धरा. सॉकेट काळवंडलेलं असेल किंवा प्लग आत ढिला बसत असेल, तर आधी तेच बदलून घ्या, दिवा नंतर बघू.