थर्मोस्टॅट काढला की गाडी गरम व्हायची थांबते का?

मे महिन्यात खंबाटकी घाट चढताना बॉनेट उघडून कडेला उभ्या असलेल्या गाड्या पूर्वी हमखास दिसायच्या, त्यात एकदा आमचीही होती. मग गॅरेजवाल्याने इलाज काय केला, तर थर्मोस्टॅटच (इंजिनातून रेडिएटरकडे जाणाऱ्या वाटेवरची झडप) काढून हातात दिला, म्हणे आपल्याकडच्या उन्हात याचं काही काम नाही, हा थंडीतल्या देशांसाठी असतो. बाबांना पटलं. मलाही पटलं, तेव्हा.

घरी आल्यावर मी तो दोऱ्याला बांधून गॅसवरच्या पातेल्यात सोडला (आई काय बोलली ते सोडा). त्याच्यावर ८२ आकडा कोरलेला होता, म्हणजे किती अंशांना उघडायचं ते. पाणी कोमट झालं, वाफाळायला लागलं, तरी हा ढिम्म, आणि मग उकळी फुटायच्या जरा आधी झडप हळूहळू उघडत गेली. ना वायर ना सेल. आतल्या पितळी डबीत मेण असतं, ते वितळलं की फुगतं आणि स्प्रिंगला दाबून झडप ढकलतं, बस.

आता गाडीत काय होतं बघा. पंप रेडिएटरच्या खालच्या पाईपातून गार कूलंट (इंजिनाची उष्णता वाहून नेणारं द्रव) ओढतो आणि इंजिन ब्लॉकमध्ये ढकलतो, तिथे सिलिंडरभोवतीच्या पोकळीतून फिरून ते वर हेडमध्ये, म्हणजे सिलिंडरांवरच्या झाकणात जातं, आणि खरी भट्टी तिथेच आहे कारण आत इंधन जळताना क्षणभर २००० अंशांच्या वर तापमान जातं. सकाळी इंजिन गार असताना थर्मोस्टॅट बंद असतो, त्यामुळे कूलंट रेडिएटरकडे न जाता बायपासमधून परत पंपाकडे येतं आणि इंजिनातच घिरट्या घालत पटकन तापतं. तापलं की झडप उघडते आणि मग ते रेडिएटरच्या बारीक नळ्यांतून हवा खात गार होऊन परत येतं. केबिनच्या हीटरलाही हेच कूलंट जातं, म्हणून घाटात तापमानाचा काटा चढायला लागला तर एसी बंद करून हीटर फुल करा, घाम निघेल पण इंजिनला तेवढाच छोटा रेडिएटर जास्तीचा मिळतो.

म्हणजे ही सगळी यंत्रणा इंजिन नुसतं थंड करायला नाहीये, ९० अंशांच्या आसपास टिकवायला आहे. थर्मोस्टॅट काढला की इंजिन तापायलाच वेळ लागतो, गार इंजिन जास्त पेट्रोल मागतं, घासतंही जास्त. आमचं अॅव्हरेज पडलं ते पडलंच आणि आम्ही दोष देत होतो पेट्रोल पंपवाल्याला.

अजून एक, तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. त्या झाकणाने आतला दाब वाढवून ठेवलेला असतो, म्हणून ११० अंशांनाही आतलं उकळत नाही, पण झाकण सैल केलं की दाब जातो आणि सगळं एकदम उकळून तोंडावर उडतं.

आणि आमची गाडी मुळात गरम का होत होती? दुसऱ्या मेकॅनिकने रेडिएटर खोलला तेव्हा निम्म्या नळ्या पांढऱ्या क्षाराने चोंदलेल्या निघाल्या, कारण कूलंटचे पैसे वाचवायला आम्ही वर्षानुवर्षं त्यात बोअरचं पाणी ओतत होतो.