खपल्या पडल्या, दुखणे राहिले: नागीण आणि नागिणीनंतरची वेदना

नागिणीचा रुग्ण महिन्याभराने डॉक्टरांकडे परत येतो तेव्हा त्याची तक्रार बहुधा ठरलेली असते. फोड सुकले, खपल्या पडून गेल्या, घरचे म्हणतात आता बरे झाले. पण सदरा अंगाला सहन होत नाही आणि रात्री कुशीवर वळले की आग उठते. नागीण अजून आत राहिली आहे का, हा त्याचा प्रश्न असतो आणि गोळ्यांचा तोच कोर्स पुन्हा लिहून द्यावा ही अपेक्षा असते. येथे दोन अवस्थांची गल्लत झालेली असते. एक नागीण, म्हणजे जागा झालेल्या विषाणूने त्वचेवर आणलेली पुरळ. दुसरी त्या विषाणूने मज्जातंतूला करून ठेवलेली इजा, जिच्या टिकून राहिलेल्या वेदनेला वैद्यकात पोस्ट हर्पेटिक न्यूराल्जिया म्हणतात. दोन्ही शरीराच्या त्याच पट्ट्यात, एकीला लागून दुसरी अशा येतात म्हणून एकच वाटतात. मात्र दोघींचे औषध वेगळे आहे आणि बरे झाले असे म्हणण्याची कसोटीही वेगळी आहे.

लहानपणी कांजिण्या येऊन गेल्यावर व्हॅरिसेला झोस्टर हा विषाणू शरीराबाहेर जात नाही, तर पाठीच्या कण्यालगतच्या मज्जातंतूंच्या गाठींत किंवा चेहऱ्याच्या मज्जातंतूंच्या मुळाशी सुप्त राहतो. वय वाढल्याने, कर्करोगाच्या किंवा अवयवरोपणानंतरच्या औषधांनी अथवा एचआयव्हीसारख्या आजाराने प्रतिकारशक्ती उणी पडली की तो एखाद्या मज्जातंतूतून त्वचेकडे उतरतो. नागीण म्हणजे नवा संसर्ग नसून जुन्याच कांजिण्यांचे पुनरुज्जीवन आहे, ही मांडणी इंग्लंडमधील सायरेन्सेस्टर या गावी दवाखाना चालवणाऱ्या रॉबर्ट एडगर होप-सिम्पसन या डॉक्टरांनी १९६५ मध्ये केली. विषाणू एकाच मज्जातंतूच्या हद्दीत उतरत असल्याने फोडांचा पट्टा शरीराच्या एकाच बाजूला उठतो आणि छातीच्या किंवा पोटाच्या मध्यरेषेशी येऊन थांबतो. नागिणीचे तोंड आणि शेपटी जुळली की माणूस दगावतो या समजुतीने आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या माणसे धास्तावली आहेत. पण तो विळखा सहसा पुरा होतच नाही. पुरळ अंगभर पसरली किंवा दोन्ही बाजूंना उठली, तर भीती विळख्याची नसते. अशा वेळी प्रतिकारशक्ती इतकी का ढासळली याचा शोध तपासण्या करून घ्यावा लागतो.

पहिल्या अवस्थेत सगळा खेळ वेळेचा आहे. पुरळ दिसण्याच्या एक ते पाच दिवस आधी त्या जागी मुंग्या येतात, ठणका लागतो किंवा चटका बसल्यासारखे वाटते. तेव्हा डाव्या छातीतील कळ हृदयाची आणि कुशीतील कळ मूतखड्याची समजली जाणे अगदी स्वाभाविक आहे. मग लाल डाग आणि त्यांवर पाण्याने भरलेल्या फोडांचे पुंजके येतात. विषाणूविरोधी गोळ्या पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झाल्या तर त्यांचा खरा उपयोग होतो, कारण विषाणूची वाढ रोखणे एवढेच त्यांचे काम असते. असायक्लोव्हिर दिवसातून पाच वेळा ८०० मिलिग्रॅम, किंवा व्हॅलासायक्लोव्हिर दिवसातून तीन वेळा १००० मिलिग्रॅम, साधारण सात दिवस, असे प्रौढांसाठीचे नेहमीचे प्रमाण असते. मूत्रपिंडाचा विकार असेल तर ते कमी करावे लागते, म्हणून शेजाऱ्याच्या उरलेल्या गोळ्या घेऊ नयेत. ७२ तास उलटले, पण नवे फोड येतच आहेत, डोळ्याच्या भागात पुरळ आहे किंवा प्रतिकारशक्ती क्षीण आहे, तर डॉक्टर उशिरानेही या गोळ्या देतात. औषधाच्या दुकानात सहज मिळणारे असायक्लोव्हिरचे मलम मात्र नागिणीवर चालत नाही.

नागीण उतरवणाऱ्यांची ख्याती टिकून आहे ती याच अवस्थेमुळे. पुरळ कोणत्याही उपचाराविना दोन ते चार आठवड्यांत भरून येते, त्यामुळे ज्याच्याकडे मंत्र घातला त्याला गुण आला असे वाटते. मंत्राने तसे काही बिघडत नाही. बिघडते ते मंत्रासाठी थांबण्यात गेलेल्या तीन दिवसांनी आणि ओल्या फोडांवर थापलेल्या कावेने, जिच्याखाली पू झाला तरी दिसत नाही. साध्या पाण्याने हलकेच धुणे, कोरडे टिपून घेणे, पुरळ सैल सुती कापडाने झाकणे आणि फोड न फोडणे एवढी काळजी पुरते.

ही पहिली अवस्था संपल्याची खूण डोळ्यांना दिसते. नवे फोड तीन ते पाच दिवसांत थांबतात आणि सात ते दहा दिवसांत सगळ्यांवर खपली धरते. शेवटच्या फोडावर खपली धरली की संसर्गाचा धोका संपतो. तोपर्यंत फोडांतील पाण्याच्या स्पर्शाने कांजिण्या न झालेल्या किंवा त्यांची लस न घेतलेल्या माणसाला विषाणू लागू शकतो आणि त्याला नागीण नव्हे, कांजिण्या होतात. म्हणून गरोदर स्त्रिया आणि तान्ही बाळे यांच्यापासून दूर राहायचे ते एवढ्याच काळापुरते. खपल्या पडल्यावर राहणारे काळपट डाग महिनोन्‌महिने दिसत राहतात, पण ते रोगाचे लक्षण नव्हे.

दुसऱ्या अवस्थेची खूण अशी दिसत नाही आणि गोंधळ होतो तो इथेच. पुरळ उठल्यापासून ९० दिवसांनंतरही वेदना टिकली तर तिला नागिणीनंतरची मज्जातंतुवेदना म्हणतात. नागीण झालेल्या दर शंभरांपैकी साधारण १० ते १८ जणांना ती गाठते. साठीपुढच्यांना अधिक, आणि ज्यांची पुरळ दाट व पहिल्या दिवसांतील दुखणे तीव्र होते त्यांनाही अधिक. डॉक्टर कापसाचा बोळा आधी निरोगी बाजूच्या त्वचेवरून आणि मग दुखऱ्या पट्ट्यावरून हलकेच ओढून पाहतात. निरोगी बाजूला कापूस जेमतेम जाणवतो. दुखऱ्या बाजूला त्याच कापसाने माणूस अंग चोरतो, आणि त्याच पट्ट्यात मध्येच एखादी जागा पूर्ण बधिर सापडते. इजा झालेला मज्जातंतू स्पर्शाचा निरोप वेदना म्हणून मेंदूकडे धाडत असतो. त्वचा दिसायला धडधाकट असल्याने घरच्यांना हे सोंग वाटते, आणि रुग्णावरचा हा दुहेरी अन्याय मला या आजाराचा सर्वांत उपेक्षित भाग वाटतो.

या वेदनेवर असायक्लोव्हिरचा दुसरा कोर्स देऊन काही साधत नाही, कारण जिथे विषाणू वाढतच नाही तिथे त्याची वाढ रोखणारे औषध काय करणार? पॅरासिटामॉलही सहसा तोकडे पडते. येथे गॅबापेन्टिन, प्रीगॅबालिन, अॅमिट्रिप्टिलीन किंवा नॉरट्रिप्टिलीन यांसारखी मज्जातंतूंची उत्तेजना शमवणारी औषधे आणि अखंड त्वचेवर लावायच्या, लिडोकेन या बधिर करणाऱ्या औषधाच्या पट्ट्या उपयोगी पडतात. चिठ्ठीवरील नावे इंटरनेटवर शोधली की गॅबापेन्टिन फिटचे आणि अॅमिट्रिप्टिलीन नैराश्याचे औषध निघते आणि पुष्कळ जण तिथेच गोळ्या थांबवतात. वस्तुतः मज्जातंतुवेदनेसाठी ती मान्यताप्राप्त आहेत आणि अॅमिट्रिप्टिलीनचा डोस नैराश्यातल्यापेक्षा बराच कमी, रात्री १० किंवा २५ मिलिग्रॅमपासून सुरू होतो. गुण यायला काही आठवडे लागतात. सुरुवातीला गुंगी व चक्कर येते, म्हणून वृद्धांनी रात्री उठताना जपावे. प्रोस्टेटचा त्रास असणाऱ्यांनी अॅमिट्रिप्टिलीनपूर्वी तो डॉक्टरांना सांगावा. आणि कोणतीही गोळी एकाएकी बंद न करता हळूहळू कमी करावी.

थंडीत किंवा जागरणानंतर जुन्या जागी पुन्हा कळ उठली की नागीण परत आली असे लोक म्हणतात. तसे होऊ शकते, पण परत आलेल्या नागिणीत सहसा नवे फोड येतात आणि ते बहुधा दुसऱ्याच पट्ट्यात येतात. फोडांविना, त्याच जागी, ओळखीच्याच जातीचे दुखणे असेल तर ते प्रायः मज्जातंतूचेच असते. फोड खरोखरच पुन्हा पुन्हा येत असतील तर प्रतिकारशक्तीची तपासणी टाळू नये.

चेहऱ्यावरच्या नागिणीला यांतली कोणतीही कसोटी पुरत नाही. नाकाच्या शेंड्यावर फोड दिसले तर डोळ्याला इजा पोहोचण्याचा संभव फार वाढतो, आणि बुबुळाचा किंवा डोळ्याच्या आतील भागाचा दाह कपाळावरच्या खपल्या पडून गेल्यानंतरही आठवडे ते महिने चालू राहू शकतो. तेव्हा तेथे बरे झाले हे नेत्रतज्ज्ञांनी म्हणायचे असते. कानात फोड आणि त्याच बाजूचा चेहरा वाकडा, ही तर त्याच दिवशी रुग्णालय गाठण्याची स्थिती आहे.

इतरांच्या बाबतीत खपल्या पडल्या, दुखरा पट्टा कपड्याचा स्पर्श सहन करू लागला आणि वेदनेची गोळी हळूहळू उतरवत पूर्ण बंद केल्यावरही झोप लागू लागली, की नागीण संपली असे मानता येते. काहींना त्यासाठी महिना पुरतो, काहींना वर्ष लागते. भारतात २०२३ पासून मिळणारी शिंग्रिक्स ही लस पन्नाशीपुढील व्यक्तींना दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोसांत देतात आणि नागीण होऊन गेलेल्यांनाही पुरळ पूर्ण ओसरल्यावर ती घेता येते. मात्र ती पुढची नागीण टाळण्यासाठी असते, चालू असलेली वेदना तिने कमी होत नाही.